तर्पणातले नाव

दिवाळी अंकात युद्धाचा विषय काढणे काही वाचकांना अप्रशस्त वाटेल. समोर फराळाचे ताट असताना रणांगणाची आठवण कशाला, असे ते म्हणतील. पण आपली दिवाळी हीच मुळात एका लढाईची आठवण आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडतो, तेव्हा एका युद्धाचा शेवटच आपण पुन्हा करून पाहत असतो. फरक इतकाच, की त्याला आता फार दिवस झाले.

गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने अंगणात मातीचा किल्ला केला. अळीव पेरून हिरवळ आणली, बुरुज केले, माथ्यावर महाराजांना बसवले आणि जागोजाग मावळे उभे केले. सगळे झाल्यावर त्याने मला विचारले, "आजोबा, हे सगळे कुणाशी लढतायत?" मी म्हटले, "शत्रूशी." "पण तो कुठाय?" खरेच, शत्रू कुठेच नव्हता. आमच्या गल्लीतल्या दुकानात मावळे मिळत होते, गवळण मिळत होती, वाघही मिळत होता; शत्रू मात्र नव्हता. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. एका परदेशी नाटकाबद्दल बरेच दिवस लिहायचे मनात होते. त्याच्याकडे मला ह्या प्रश्नानेच पुन्हा ओढून नेले.

ते नाटक म्हणजे ॲलन सीमूर ह्या ऑस्ट्रेलियन लेखकाचे 'द वन डे ऑफ द इयर', म्हणजे 'वर्षातला तो एक दिवस'. ते माझ्या हाती आले ते असे. माझी मुलगी मेलबर्नला असते. तिच्याकडे गेलो असता 25 एप्रिल आला. जावयांनी पहाटे चारलाच गाडी काढली आणि मला तिथल्या युद्धस्मारकापाशी नेले. अंधारात हजारो माणसे उभी होती. लहान मुले होती, छातीवर आजोबांची पदके लावलेले तरुण होते. बिगूल वाजला, सगळे स्तब्ध झाले, आणि हळूहळू फटफटले. मी परका माणूस, पण माझेही डोळे भरून आले. मग दुपारी गावातून येताना दारूच्या गुत्त्यांतून उसळणारी गर्दी पाहिली. नाणी उडवून खेळायचा 'टू-अप' नावाचा जुगार त्या दिवशी राजरोस चालतो, तोही पाहिला. पहाटेचा देश आणि दुपारचा देश एकच का, असा मला प्रश्न पडला. दुसऱ्याच दिवशी मुलीने वाचनालयातून हे नाटक आणून दिले. ती म्हणाली, "बाबा, तुमचं भांडण इथे आधीच होऊन गेलंय."

त्या दिवसाची हकीगत थोडक्यात सांगतो. 25 एप्रिल 1915 रोजी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्थानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. बेत साम्राज्य सरकारचा होता आणि तो साफ फसला. आठ महिने खंदकांत कुजून शेवटी सैन्य मागे घ्यावे लागले. ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांवर लोक मेले. तुर्कांचे ऐंशी हजारांवर. म्हणजे हा विजयाचा दिवस नव्हे, पराभवाचा आहे. तरीही त्याच दिवशी आपले राष्ट्र जन्मले असे त्या देशाने मानले, आणि 'ॲन्झॅक डे' हा तिथला सर्वांत पवित्र सण झाला.

सीमूरने ह्या सणावर नाटक लिहिले, पण रणांगणावर एकही प्रवेश ठेवला नाही. सगळे घडते ते सिडनीतल्या एका कामकरी कुटुंबाच्या घरात. बाप आल्फ दुसऱ्या महायुद्धात लढलेला आणि आता लिफ्ट चालवणारा. आई डॉट. मुलगा ह्यूई विद्यापीठात शिकणारा. घरी येऊनजाऊन असणारा म्हातारा वॅका हा प्रत्यक्ष गॅलिपोलीला उतरलेला. आणि ह्यूईची श्रीमंत घरातली मैत्रीण जॅन. ह्यूई आजवर बापाबरोबर पहाटेच्या प्रार्थनेला जात आलेला. ह्या वर्षी तो नकार देतो. एवढेच नव्हे, तर तो आणि जॅन मिळून विद्यापीठाच्या पत्रात एक लेख छापायचे ठरवतात. लेख जॅनचा, छायाचित्रे ह्यूईची. ती छायाचित्रे कसली? त्या दिवशी पिऊन रस्त्यात पडलेल्या माजी सैनिकांची.

हे नाटक 1960 साली ॲडलेडच्या कलामहोत्सवात व्हायचे होते. महोत्सवाच्या चालकांनी ते नाकारले. माजी सैनिकांचा अपमान होईल अशी त्यांना धास्ती होती. मग त्याच वर्षी एका हौशी मंडळाने ते रंगभूमीवर आणले. पुढच्या वर्षी सिडनीच्या प्रयोगाच्या वेळी बाँबची धमकी आली आणि नाट्यगृह रिकामे करावे लागले. आज तेच नाटक तिथल्या शाळांतून मुलांना शिकवले जाते. समाज आपल्या टीकाकारांना पचवतो तो असा!

नाटकाची कीर्ती झाली ती युद्धविरोधी म्हणून. माझे म्हणणे असे, की त्याचे मोठेपण ह्याहून निराळ्या गोष्टीत आहे. ह्यूई बोलतो ते जवळजवळ सगळे खरे आहे. गॅलिपोली ही घोडचूक होती, दूरच्या सेनापतींनी केलेल्या चुकीची किंमत पोरांनी मोजली, आणि अशा गोष्टीचा उत्सव करणे म्हणजे पुढच्या चुकीची वाट मोकळी करणे. पण हे खरे बोलायला ह्यूईला काही खर्चावे लागलेले नाही, आणि हे सीमूरला ठाऊक आहे. आल्फ वर्षभर लिफ्टमध्ये उभा राहून दुसऱ्यांना वर नेतो. स्वतः कुठेच पोचत नाही. वर्षातून एक दिवस तो रस्त्याच्या मधोमध पदके लावून चालतो आणि शहर बाजूला उभे राहून त्याला पाहते. नाटकाच्या नावाचा खरा अर्थ हा आहे. त्या एका दिवशी आल्फ कोणीतरी असतो. आणि तोच दिवस त्याचा पोरगा, त्यानेच शिकवलेला, एका सुखवस्तू घरातल्या मुलीला बरोबर घेऊन हिसकावून घेतो. छायाचित्रात पडलेला माणूस दिसतो. तो का पितो ते दिसत नाही.

सीमूरने वॅकाची व्यक्तिरेखा फार समजून काढली आहे. युद्धाबद्दल सर्वांत मोठ्याने बोलतो तो आल्फ. आणि ज्याने गॅलिपोली डोळ्यांनी पाहिली तो वॅका गप्प असतो. एका प्रसंगी तो त्या किनाऱ्यावरच्या पहाटेची हकीगत सांगतो, तीही अगदी साध्या शब्दांत, हातवारे न करता. त्यात शौर्याचा डौल नाही आणि धिक्कारही नाही. ते ऐकताना बापाचे भाषण पोकळ वाटू लागते, आणि मुलाचा लेखही. शेवटी नाटक कोणाच्याच बाजूने निकाल देत नाही. आरंभी ज्या त्वेषाच्या बडबडीने आल्फने पडदा उघडला, जवळजवळ त्याच बडबडीवर तो पडतो. काहींना हा शेवट कच्चा वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो. अशी भांडणे घरात मिटत नसतात.

हे मी इतक्या खात्रीने लिहितो आहे, ह्याचे कारण आता सांगितलेच पाहिजे. हा ह्यूई मी होतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. पलटणीत माणूस नाही असे घर गावात शोधावे लागे. चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी होती. पहिल्या महायुद्धावर ह्या गावातून किती गेले आणि किती कामी आले, एवढे दोन आकडे तिच्यावर कोरलेले होते. नावे नव्हती. माझे चुलते, तात्या, मराठा पलटणीत हवालदार होते आणि 1971 साली पूर्व आघाडीवर होते. 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. पुढच्या वर्षी त्याच दिवशी गावात समारंभ झाला. लेझीम, ताशा, पुढाऱ्यांची भाषणे, पेढे. मी तेव्हा कॉलेजात होतो. गांधी वाचले होते, विनोबांचे 'जय जगत्' तोंडात होते, आणि लेखणीला नुकतीच धार आली होती. मी कॉलेजच्या भित्तिपत्रकात एक लेख लिहिला. मेलेल्यांच्या नावाने पेढे खाणारे गाव, असा त्याचा सूर होता. लेख गाजला. कोणीतरी त्याची नक्कल गावी नेऊन तात्यांना दिली.

तात्या रागावले असते तर बरे झाले असते. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून मला परत दिला आणि म्हणाले, "लिव्हलंयस ते खोटं न्हाई. पर माझ्या शेजारचा जो पडला, त्येचं नाव ह्यात कुटं हाय?"

मला उत्तर देता आले नाही. माझ्या लेखात युद्ध होते, मानवता होती, साम्राज्यशाही होती. माणूस एकही नव्हता. ज्या समारंभाची मी टवाळी केली होती त्यात निदान त्या शेजाऱ्याचे नाव घेतले गेले होते.

आणखी एक गोष्ट मी त्या लेखात सोयीस्करपणे गाळली होती. त्या युद्धाआधी पूर्व बंगालातून कोटीच्या घरात निर्वासित आपल्याकडे आले होते. तिथली कत्तल त्या युद्धाने थांबली. बांगला देशातही 16 डिसेंबर हा सण आहे, आणि तो त्यांच्या सुटकेचा आहे. 'सगळी युद्धे सारखीच' हे वाक्य लिहायला सोपे. ते त्या निर्वासिताच्या तोंडावर बोलणे अवघड. गांधीजींचेही सगळे सरळ नव्हते. 1918 साली खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडून त्यांनी सरकारी सैन्यासाठी माणसे मिळवण्याचा प्रयत्न केला होता. ज्याला अहिंसा इतरांहून अधिक उमगली होती त्याचीही वाट अशी वळणावळणाने गेली, तिथे आमची काय कथा?

तर मग शांतिवाद्यांनी ह्या दिवसांबद्दल गप्प बसावे काय? मुळीच नाही. त्यांचे एक म्हणणे खोडून काढता येत नाही. हे दिवस हळूहळू अर्थ बदलतात, आणि नेहमी एकाच दिशेने बदलतात. पहिले महायुद्ध 11 नोव्हेंबर 1918 रोजी सकाळी अकराला थांबले. इंग्रज कवी विल्फ्रेड ओएन त्याच्या आदल्याच आठवड्यात मारला गेला होता. युद्ध संपल्याच्या घंटा गावात वाजत असतानाच त्याच्या आईच्या हाती ती तार पडली, असे सांगतात. तो दिवस मुळात असा दोन आवाजांचा होता. अमेरिकेने 1938 साली कायदा करून त्या तारखेला सुटी दिली ती जागतिक शांततेच्या नावाने. 1954 साली तोच दिवस माजी सैनिकांच्या गौरवाचा ठरवण्यात आला आणि त्याचे नाव बदलले. कर्ट व्हॉनेगट हा अमेरिकन कादंबरीकार 11 नोव्हेंबरलाच जन्मलेला. दुसऱ्या महायुद्धात तो युद्धकैदी होता. 'ब्रेकफास्ट ऑफ चँपियन्स' ह्या 1973 सालच्या कादंबरीच्या आरंभी त्याने ह्या नामांतराची खंत केली आहे. तोफा थांबल्याचा दिवस त्याला पवित्र वाटत होता. नव्या नावाचा वाटत नव्हता. थांबल्याचा सण जाऊन लढल्याचा सण आला, हे त्याचे दुःख.

इंग्लंडातल्या बायकांना हे त्याआधीच उमगले होते. तिथे त्या दिवशी छातीवर तांबडे खसखशीचे फूल लावतात. 1933 साली कामकरी बायकांच्या सहकारी संघटनेने पांढरी फुले काढली. कित्येकींचे नवरे, भाऊ, मुलगे त्याच युद्धात गेलेले. मेलेल्यांना विसरा, असे त्या म्हणत नव्हत्या. त्यांची आठवण ठेवायची तर ती पुन्हा तसे होऊ नये ह्यासाठी ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. ऑस्ट्रेलियातही 1980 नंतरच्या काही वर्षांत, युद्धात ज्यांच्यावर बलात्कार झाले त्या स्त्रियांचे स्मरण करायला ॲन्झॅक डेच्या संचलनात बायका निघाल्या, तेव्हा अनेकींना अटक झाली. ह्या दिवशी कोणाचे स्मरण करायला परवानगी आहे आणि कोणाचे करायला नाही, हे अशा वेळी लख्ख दिसते.

इथेच मला सीमूरच्या नाटकाची मर्यादा जाणवते. भांडण रंगते ते सगळे एका घरातले. बाप आणि मुलगा एका गोष्टीसाठी भांडतात : आपल्या माणसांची आठवण आपण कशी ठेवायची? नाटकात तुर्क पात्र नाही. ज्या टेकड्यांवर ऐंशी हजारांवर तुर्क मेले, तो देश ह्या नाटकापुरता एक किनारा आहे. डॉट घर सांभाळते, समजूत घालते, दोघांच्या मध्ये उभी राहते. पण तिचे स्वतःचे स्मरण काय, हे नाटक तिला पुरते विचारत नाही. माझ्या नातवाच्या किल्ल्यासारखेच हे आहे. मावळे सगळे जागच्या जागी. समोर मात्र कोणी नाही.

ह्या बाबतीत आपले महाभारत फार पुढे गेलेले आहे. युद्ध संपल्यावर व्यासांनी विजयोत्सवाचे पर्व लिहिले नाही, स्त्रीपर्व लिहिले. गांधारी आणि कुरुकुलातल्या बायका रणभूमीवर येतात आणि एकेक प्रेत ओळखतात. मग नदीकाठी तर्पण सुरू होते. आपापल्या मेलेल्यांची नावे घेऊन जो तो पाणी सोडतो. विजयी पांडव ते काम उरकत आणतात, आणि अशा वेळी कुंती पुढे होऊन म्हणते, कर्णालाही पाणी द्या. तो तुमचा थोरला भाऊ होता. धर्मराज उन्मळून पडतो. त्या क्षणी विजयाची चव जी जाते ती त्याला पुन्हा कधी येत नाही. शांतिपर्वाचा आरंभ त्याच्या ह्याच शोकातून होतो. आमच्याकडे ह्या प्रसंगावर मातृत्वाच्या अंगाने बरेच लिहिले गेले आहे. मला तो युद्धस्मरणावरचा सर्वांत कठोर अभिप्राय वाटतो. व्यास तर्पण बंद करा म्हणत नाहीत, आणि तर्पणाचा उत्सवही होऊ देत नाहीत. त्यात एक नाव तेवढे वाढवतात. ते नाव घेण्याचे धाडस एका बाईला होते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

युद्धाच्या दिवसांना लावायची कसोटी मला इथे सापडते. त्या दिवशी समोरच्याचे नाव घेता येते काय? येत असेल तर तो दिवस शोकाचा आहे आणि तो पाळला पाहिजे. येत नसेल तर तो पुढच्या लढाईची तालीम आहे, मग बिगूल कितीही करुण वाजो. तुर्कस्थान सरकारने 1985 साली त्या किनाऱ्याला अधिकृतपणे 'ॲन्झॅक' हे शत्रूचेच नाव दिले, आणि ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत केमाल अतातुर्कांचे स्मारक उभे राहिले. तिकडे मेलेल्या पोरांच्या आयांचे सांत्वन करणारे जे शब्द अतातुर्कांच्या नावावर सांगतात, ते त्यांचेच काय, ह्याविषयी अभ्यासकांत वाद आहे. सरकारांना अशा सलोख्याचा व्यवहारी उपयोगही असतो. तरी ते शब्द दोन्हीकडच्या लोकांना हवेसे वाटले, ही गोष्ट लहान नाही.

आणि विसरणे म्हणजे शांतता नव्हे, हेही सांगून ठेवतो. 29 एप्रिल 1916 रोजी, पहिला ॲन्झॅक डे होऊन चारच दिवस झाले असता, मेसोपोटेमियात कूट इथे वेढ्यात सापडलेली पुणे डिव्हिजन उपासमारीने शरण गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी होत्या. कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत पुष्कळ मेले. आपल्याकडे त्यांचा दिवस नाही, नाटक नाही. चावडीच्या पाटीवर आकडा आहे. म्हणून आपण अधिक शांतताप्रिय झालो असे काही मला दिसत नाही.

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. ते असताना पितृपक्षात मी एकदा गावी होतो. म्हाळाचा दिवस होता. काकीने पाने वाढली. पणज्याचे, आजा-आजीचे, तात्यांच्या त्या शेजारच्या शिपायाचेही. मग कडेला आणखी एक पान मांडले. मी हिशेब केला. ते कोणाचेच लागेना.

"काकी, हे कुणाचं?"

काकीने तात्यांकडे पाहिले. ते अंगणात पाठमोरे बसले होते. ती हळूच म्हणाली, "ते तिकडच्याचं. तिकडनं आल्यापासून वाढायला सांगत्यात. नाव त्येंनाबी ठावं न्हाई." मी पुढे विचारले नाही, आणि तात्या त्याबद्दल मरेपर्यंत बोलले नाहीत. त्यांनी 16 डिसेंबरचा समारंभही कधी चुकवला नाही. दर वर्षी पदके लावून जात, पेढा घेत आणि घरी येत.

ह्यूईने बापाला विचारले ते प्रश्न मला आजही बरोबर वाटतात. माझ्या त्या लेखातली कित्येक वाक्ये मी आजही लिहीन. फक्त ती आधी तात्यांना वाचून दाखवीन.

दिवाळीबद्दल जाता जाता एवढेच. ज्याच्या वधाचा सण आपण पहाटे करतो त्या नरकासुराने मरताना मागितलेला वर, असेच त्या अभ्यंगस्नानाचे कारण आपल्या कथेत सांगितले आहे. आणि पाडव्याला आपण ओवाळून ज्याचे राज्य परत येवो म्हणतो, तो बळी तर हरलेला राजा. आपल्या आजी-पणजींनी जिंकलेल्याच्या सणात हरलेल्याला पाट मांडून ठेवला आहे. ह्या वर्षी नातू किल्ला करील तेव्हा मी त्याच्याजवळ बसणार आहे. दुकानात मिळाला नाही तर शत्रू आम्ही मातीचाच करू, आणि पणती लावताना एक त्याच्यापुढेही लावू.